आधी सामान मोजा, मग भिंत

मैत्रिणींनो, यावेळी एका पत्रानेच सुरुवात करते. पत्र डोंबिवली पूर्वेहून आलंय. नाव लिहू नका म्हणून बजावलंय, तेव्हा लिहीत नाही.

त्या म्हणतात, "ताई, लग्न झाल्यापासून आम्ही कल्याणला चाळीतल्या दोन खोल्यांत राहिलो. एक लोखंडी कपाट, सासूबाईंची पत्र्याची ट्रंक आणि वर माळा, एवढ्यावर चौघांचा संसार बसवला. आता डोंबिवलीला स्वतःची जागा घेतली. बेडरूमची एक भिंत नऊ फुटांची मोकळी आहे. हे म्हणतात, भिंतभर कपाट करून टाकू, कटकट नको. मिस्त्री रविवारी माप घ्यायला येणार आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कपाट आतून कसं करून घ्यावं? आणि सासूबाईंच्या ट्रंकेचं काय करावं? ह्यांच्या मते ती नव्या घरात शोभणार नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी ट्रंक पुसून ठेवतात."

पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की रविवारी मिस्त्रीला बोलावू नका. त्याला सांगा, पंधरा दिवसांनी ये. का ते सांगते.

भिंतीतलं कपाट आपल्याकडे नवं नाही. आपल्या आज्यांच्या घरी फडताळ होतं, कोनाडा होता, देवळी होती. जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन हात जाड, त्यात फडताळ फुकटात बसायचं. पुढे चाळी आल्या, भिंती पातळ झाल्या, तेव्हा माळा आला, खुंट्या आल्या, खाटेखाली ट्रंका आल्या. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं करायला घेतली आणि पुढच्या काळात ते कपाट मुलीच्या लग्नातल्या यादीत जाऊन बसलं. त्यात एक गंमत होती. कपाट तयार मिळायचं, आपण त्यात मावायचो. आता उलटं आहे. कपाट आपल्या मापाचं होणार. मग आपलं माप आपल्याला ठाऊक नको का?

पहिलं माप सामानाचं

मिस्त्री येतो, टेप लावतो, "नऊ बाय सात, चार खण, दोन ड्रॉवर" म्हणून निघून जातो. त्याने भिंत मोजलेली असते. तुमच्याकडे साड्या किती, दुलया किती, ह्यांचे शर्ट किती, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून एक दुपार काढा. सगळं सामान पलंगावर काढा आणि वहीत चार रकाने पाडा. टांगायचं, घडीचं, वर्षातून एकदा लागणारं आणि द्यायचं. चौथा रकाना भरताना मन घट्ट करावं लागतं, पण तो भरला की कपाट एक फुटाने लहान होतं आणि पैसेही वाचतात.

आता काही मापं लिहून घ्या. ती वर्षानुवर्षं कामी येतात.

हँगर साधारण सतरा-अठरा इंच रुंद असतो. म्हणजे टांगायच्या खणाची आतली खोली वीस-एकवीस इंच तरी हवी. बाहेरून कपाट दोन फूट खोल झालं. सरकती दारं लावलीत तर ती तीन-चार इंच आणखी खातात, हे आधी विचारात घ्या. शर्ट-कुर्त्यांना दांडीखाली चाळीस इंच पुरतात. नेहमीची साडी नीट घडी घालून हँगरवर टाकली की तीस इंचांत बसते. शेरवानी, लांब ड्रेस यांना मात्र साठ इंच द्यावे लागतात, आणि तसे कपडे घरात दोन-चारच असतात. त्यासाठी अख्खा खण अडवू नका. तीन फुटांच्या दांडीवर साधारण तीस हँगर दाटी न होता राहतात.

घडीच्या कपड्यांचं गणित वेगळं. दोन फूट खोल फळीवर कपड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग दिवाळीशिवाय उजेड पाहत नाही. माझ्या जाऊबाईंकडे तर एक कोरी साडी मागच्या रांगेत चार वर्षं होती. त्यांना वाटत होतं, ती नणंदेला दिली! घडीच्या फळ्या चौदा-पंधरा इंच खोल असल्या तरी भागतं. सगळं कपाट एकाच खोलीचं करायचं असेल, तर घडीच्या कपड्यांसाठी पुढे ओढता येणारे ट्रे करून घ्या. दोन फळ्यांत दहा-बारा इंच अंतर ठेवा. आठ-दहा साड्यांची एक थप्पी पुरे. त्याहून उंच केली की तळातली साडी काढताना सगळा डोलारा कोसळतो आणि ऐन घाईच्या वेळीच कोसळतो. गोधड्या, दुलयांना अठरा-वीस इंच हवेत.

आणि एक माप स्वतःचं. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, हात वर करा, घरातल्या कुणाला तरी खूण करायला सांगा. पाच फूट उंचीच्या बाईचा हात सहा-सव्वासहा फुटांपर्यंत पोचतो. रोजचं सगळं गुडघा ते खांदा एवढ्या पट्ट्यात बसलं पाहिजे. आपल्या इकडे सकाळची लोकल कुणासाठी थांबत नाही. ऑफिसला जाणाऱ्या बाईने पहाटे स्टुलावर चढून परकर शोधायचा म्हणजे त्या कपाटाचा उपयोग काय?

दुसरं माप भिंतीचं, आणि माझी फजिती

आता माझीच चूक सांगते. १९९६ साली आम्ही ठाण्याला नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत जागा घेतली. गणपती आपल्या घरी आणायचे, त्याआधी कपाट झालंच पाहिजे, असा हट्ट माझाच. ऐन श्रावणात सुतार बसवला. कपाट भिंतीला चिकटून, जमिनीपासून छतापर्यंत. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही. सुताराने एकदा विचारलं होतं, "बाई, भिंत गार लागते, पाठीमागे काही आहे का?" मी म्हटलं, "पावसाळा आहे, गारच लागणार."

दुसऱ्या पावसाळ्यात कपाट उघडलं की ओल्या फडक्यासारखा वास यायचा. डांबराच्या गोळ्या टाकल्या, अत्तराचा फाया ठेवला. तिसऱ्या वर्षी नवरात्रात आईची पैठणी काढली. आईने तिच्या लग्नातली, स्वतःच्या हाताने मलमलीत बांधून मला दिलेली. पाठीमागची घडी भिंतीकडे होती. तिच्यावर हिरवट-पांढरे ठिपके होते आणि घडीवर जर काळी पडली होती. मागची फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं.

आई त्या वेळी घरात होती. ती रागावली नाही. तिने साडी उलटी घडी करून उन्हाच्या कडेला, सावलीत टाकली आणि म्हणाली, "पेटीत ठेवली असतीस तर राहिली असती." त्या वाक्याची टोचणी मला अजून आहे. पैशाचं नुकसान भरून निघालं, पण ती पैठणी पुन्हा अंगावर घालता आली नाही.

म्हणून सांगते, लाकडाच्या आधी भिंतीची परीक्षा घ्या. सोपी युक्ती आहे. दुधाच्या पिशवीसारखा जाड प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा, साधारण एक फुटाचा, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. आधी गळती शोधा, प्लंबर बोलवा, गच्ची किंवा बाहेरची भिंत असेल तर सोसायटीला लेखी कळवा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर भिंत बरी आहे, हवा दमट आहे, खेळती हवा वाढवा. ही परीक्षा भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात घ्यायची. मे महिन्यात प्रत्येक भिंत शहाणी असते. आणि सुताराला बोलवायचं दिवाळीनंतर. कोरड्या हवेत लाकूड फुगत नाही, आणि पावसाळ्यात पॉलिश पांढरट पडतं तेही होत नाही.

भिंत कोरडी असली तरी कपाट तिला चिकटवू नका. मागे पट्ट्या मारून एक-दोन इंच हवा खेळू द्या. मागच्या प्लायला भिंतीकडून प्रायमरचे दोन हात द्यायला लावा. दिसणारी बाजू सगळेच रंगवतात, न दिसणारी बाजू कोरी राहते आणि ओल नेमकी तिथूनच शिरते.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदी, वालधुनी यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कल्याणच्या माझ्या मावसबहिणीचे बॉक्सच्या पलंगात ठेवलेले कपडे तर गेलेच, पण मुलांचे दाखले आणि घराचे कागदही तिने त्याच पलंगात, सुरक्षित म्हणून ठेवले होते. कागद वाळवताना तिच्या घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. तेव्हा कागदपत्रं, दागिने, बँकेची पुस्तकं छातीच्या उंचीच्या खणात. खाली भांडी, चपला, जे धुऊन वापरता येईल ते. आणि कपाटाखाली तीन-चार इंचांची ग्रॅनाइटची किंवा लादीची बैठक द्या. लादी पुसतानाचं रोजचं पाणीसुद्धा प्लायला हळूहळू खात असतं.

आता लाकूड

दुकानात गेलं की प्लायची नावं ऐकूनच डोकं फिरतं. तीनच शब्द लक्षात ठेवा. 'एमआर' म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी नव्हे. 'बीडब्ल्यूआर' म्हणजे उकळत्या पाण्यातही ज्याचा गोंद लवकर सुटत नाही असा. आणि ७१० नंबरचा मरीन प्लाय, तो पाण्याच्या जागेसाठी. आपल्या चार महिन्यांच्या पावसात बेडरूमच्या कपाटाला बीडब्ल्यूआर घ्यावा, निदान सांगाडा आणि पाठ तरी. स्वयंपाकघरात ओट्याखाली मरीन. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो आणि दिसतोही गुळगुळीत, पण एकदा पाणी लागलं की भिजलेल्या टोस्टासारखा फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही.

प्लायचा पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा असतो. त्यावर आयएसआयची खूण आणि प्रत हे छापलेलं असतं. माल घरी आला की कापण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, बिल जपून ठेवा. फळीला १८-१९ मिलिमीटर जाडी हवी, आणि तीन फुटांहून लांब फळी मधल्या आधाराशिवाय टाकू देऊ नका, दोन वर्षांत झोळ पडतो. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या मागा. दार अठरा-वीस इंचांहून रुंद नको, नाहीतर वजनाने लटकतं. आतल्या बाजूलाही सनमायका किंवा तशी पातळ पट्टी लावून घ्या. एकाच बाजूला लावली तर दार वाकतं. कापलेल्या सगळ्या कडा बंद झाल्या पाहिजेत. वाळवी आणि ओल दोघींनाही उघडी कड आवडते.

तयार कपाट घ्यायचं असेल तर उल्हासनगरचं फर्निचर मार्केट आपल्याला जवळ आहे. तिथे जरूर हिंडा. पण दार उघडून नुसता आरसा बघू नका. फळी उपसून तिची कड बघा, पाठीचा पत्रा बोटाने वाजवून बघा.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. घोडबंदर रोडला काय किंवा डोंबिवलीजवळच्या मोठ्या वसाहतींत काय, बऱ्याच इमारतींच्या भिंती आता सबंध काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्या फोडून कोनाडा करायचा नसतो, इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. काही ठिकाणी हलक्या, पांढऱ्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांत साधा स्क्रू टिकत नाही, त्यासाठी वेगळे खिळे मिळतात. आपली भिंत कुठली, हे बिल्डरच्या ऑफिसात किंवा सोसायटीत विचारून मगच मिस्त्रीला सांगा. कामाच्या वेळा, डिपॉझिट हेही तिथेच विचारा. आणि आठ फुटी पत्रा लिफ्टमध्ये मावतो का ते बघा. नाहीतर जिन्याने चढवण्याची मजुरी ऐनवेळी तुमच्या गळ्यात पडते.

मिस्त्रीशी बोलताना

भाव बहुधा स्क्वेअर फुटावर असतो, समोरून दिसणारी उंची गुणिले रुंदी. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट म्हणजे बेचाळीस फूट. वरचा माळा वेगळा मोजतात. त्या भावात काय-काय आलं, हे कागदावर लिहून घ्या. प्लायची प्रत आणि जाडी, सनमायका, बिजागऱ्या, चॅनल, कुलपं, हँडल, आतलं काम, वाळवीचं औषध. पैसे तीन-चार हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर स्वतः उघडून-मिटून पाहिल्यावर. मिस्त्री गुणी असतो, पण तो तुमच्या मनातलं ओळखू शकत नाही. ह्यांना पुढे करून आपण स्वयंपाकघरातून ऐकत बसायचं, ही सवय निदान या कामापुरती तरी सोडा. कपाट दिवसातून दहा वेळा तुम्ही उघडणार आहात.

तर, डोंबिवलीच्या वहिनी

तुमची भिंत नऊ फुटांची आहे. ह्यांना सांगा, भिंतभर कपाट नको. सहा फुटांचं करा, अठरा-अठरा इंचांची चार दारं. उंची सात फूट. त्यावर माळा, त्यात बॅगा, गणपतीचं मखर, हिवाळ्याचं पांघरूण.

डाव्या तीन फुटांत वर दांडी, तिच्याखाली चाळीस इंच मोकळे, त्याखाली तीन ड्रॉवर. हे तुमचे रोजचे कपडे आणि ह्यांचे शर्ट. उजव्या तीन फुटांत मध्ये उभी फळी टाकून दोन भाग करा. एकात मुलाबाळांचे कपडे, सर्वांत खाली त्यांच्या हाताला येतील असे. दुसऱ्यात वर तुमच्या साड्या आणि कमरेच्या उंचीचे दोन खण सासूबाईंचे. त्यांना वाकायला लागू नये, हात उंचवायला लागू नये, आणि त्या खणात दुसऱ्या कुणाचं काही ठेवलेलं नसावं.

छातीच्या उंचीला एक कुलपाचा ड्रॉवर करा. घराचे कागद त्यात. आणखी एक छोटा खण, वीतभराचा का होईना, स्वतःसाठी ठेवा. आपण घर मांडताना सगळ्यांना जागा करून देतो आणि स्वतःची पत्रं, आईने दिलेली चार नाणी, एखादं प्रमाणपत्र पिठाच्या डब्यामागे ठेवतो. आता कपाट आपल्या मापाने होतंय, तर तेवढं मागून घ्या.

राहिले तीन फूट. तिथे ट्रंक ठेवा. लांबी आधी मोजा, बहुतेक ट्रंका अडीच-तीन फुटांत असतात. खाली चार लाकडी ठोकळे द्या म्हणजे पत्र्याला गंज धरणार नाही, वर जाड सुती गादी शिवून टाका, भिंतीला आरसा लावा. बसून केस विंचरायला, बूट घालायला जागा झाली. ह्यांना शोभेची काळजी असेल तर गादीचा कापड त्यांनाच निवडू द्या!

आणि ट्रंक वापरात ठेवा. पत्र्याच्या पेटीत वाळवी शिरत नाही आणि झाकण घट्ट असेल तर ओलही कमी शिरते. जरीच्या साड्या तिच्यातच ठेवा. धुतलेल्या मलमलीत एकेक वेगळी गुंडाळून, मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि घरात तान्हं मूल असेल तर त्याच्या कपड्यांत तर मुळीच नकोत. दर तीन-चार महिन्यांनी, कोरड्या दिवशी, साड्या बाहेर काढून घड्या बदला, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाही. हे काम सासूबाईंना सांगा. त्या ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं करतील, कारण इतकी वर्षं ते त्याच करत आल्यात.

एकच विनंती. ट्रंक हलवण्याआधी त्यांच्याशेजारी बसा आणि "आई, यात काय-काय आहे, मला दाखवाल का?" असं विचारा. त्या दाखवतील. तेवढ्यात तुमच्या वहीतला सामानाचा एक रकाना आपोआप भरेल.

कपाट झालं की मला पुन्हा लिहा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरात ओलीचा, वाळवीचा, अपुऱ्या जागेचा काही तोडगा निघाला असेल, तर तोही कळवा. पुढच्या खेपेस ओट्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याविषयी बोलू.